रंकाळ्याजवळच्या तालमीतला व्यायामवर्ग: आई, मी आणि मुलगी, तिघांचा अनुभव

औषधाच्या दुकानात बसलं की एक मागणी बारा महिने कानावर येते, "मेंदूसाठी काहीतरी चांगलं द्या." फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील मागतात, एरवी साठी ओलांडलेली माणसं. बाटल्या फडताळात आहेत, मागितल्या तर देतोही. पण जो सल्ला विचारतो त्याला मी खरं तेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची ठाम शिफारस आहे. ब आणि ई जीवनसत्त्वं, माशाच्या तेलातली मेदाम्लं यांच्या गोळ्या मात्र या कारणासाठी देऊ नयेत, असं तितकंच स्पष्ट लिहिलंय. मग गिऱ्हाईक विचारतं, "व्यायाम म्हणजे नेमकं करू काय? जाऊ कुठं?" हल्ली मी एकच जागा सांगतो, आमच्या पेठेतल्या तालमीत चालणारा वर्ग. काउंटरवर उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तालीम जुनी आहे. मारुतीची मूर्ती, शाहू महाराजांची तसबीर, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली व्यायामाची जड करेल. १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं त्या कोल्हापुरात तालमीचं कुणाला अप्रूप नाही. अप्रूप याचं, की तांबड्या मातीच्या हौदाशेजारच्या सभागृहात सकाळी साडेसातला नऊवारीतल्या आज्ज्या हातात लेझीम घेऊन उभ्या असतात. वर्ग चालवणारे एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. पेठेत सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. त्यांच्या मदतीला आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट मॅडम येतात. पहाटे पावणेसहाला नोकरदार आणि दुकानदार, साडेसातला ज्येष्ठ, संध्याकाळी साडेपाचला मुलं, अशा तीन तुकड्या. शनिवारी सकाळी तिन्ही एकत्र.

आई शहात्तर वर्षांची. वडील गेल्यापासून तिचं बाहेर पडणं कमी होत गेलं. अंबाबाईच्या देवळाला चालत जाणारी बाई दारातल्या रिक्षाशिवाय निघेना. गॅसवर दूध ठेवून विसरायची, तीच गोष्ट तासाभरात पुन्हा सांगायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. ब-१२ कमी निघालं, रक्तदाब थोडा वर. स्मृतिभ्रंश म्हणावं असं आत्ता काही नाही, पण घरात बसवू नका, असं त्यांनी बजावलं.

वर्गात नाव घालायला गेलो तेव्हा फीचा विषय शेवटी निघाला. आधी प्रश्न: गेल्या वर्षात पडलात का? उठताना चक्कर येते का? गोळ्या कोणत्या? झोप किती? ऐकायला नीट येतं का? मग बिनहाताच्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजलं. एक पाय उचलून उभं राहायला लावलं, मॅडम शेजारी हात धरायला तयार. सगळं एका कार्डावर लिहिलं. ते कार्ड दर तीन महिन्यांनी पुन्हा भरतात. रोज आल्याबरोबर रक्तदाब बघतात आणि फार वर असला तर त्या दिवशी खुर्चीत बसवून ठेवतात, कितीही गयावया केली तरी. औषधविक्रेता म्हणून मला इथंच वर्गाबद्दल खात्री वाटली.

पहिली वीस मिनिटं भरभर चालणं. कोरड्या दिवसात रंकाळ्याच्या पदपथावर, पावसाळ्यात सभागृहातच फेऱ्या. सरांचं माप साधं आहे: शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये एवढा दम लागला पाहिजे. त्यानंतर खुर्चीवरून उठबस, वाळू भरलेल्या बाटल्या उचलणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं. या भागाबद्दल फार लिहीत नाही, असा व्यायाम चांगल्या ठिकाणी सगळीकडे करून घेतात.

खरी गंमत पुढच्या वीस मिनिटांत आहे. एका हातात लेझमीचा लाकडी दांडा, दुसऱ्या हातात साखळीच्या मध्यावरची मूठ. गल्लीतला एक पोरगा हलगी घेऊन बसतो. सुरुवात 'चार आवाज'नं. मग 'एक जगह', 'आदि लगाव', 'पवित्रा'. पंचवीसेक बायका आणि सात-आठ पुरुष, सगळ्यांच्या चकत्या एकदम वाजल्या की पत्रा दणाणतो. आई सुरुवातीला शेजारच्या आक्कांचे पाय बघून पाय टाकायची, त्यामुळं कायम एक ठोका मागं. 'दो रुख' आलं की सगळे उजवीकडं आणि ही डावीकडं. सर ओरडत नाहीत. हलगीवाल्याला लय निम्मी करायला सांगतात आणि आकडे मोठ्यानं मोजतात. हळूहळू तिची नजर आक्कांच्या पायांवरून उठली आणि समोर गेली. आता 'दो रुख' म्हटलं की खांदा आधी वळतो, पाय मागून येतो, आणि साखळी नेमकी ठोक्यावर बंद होते. ते बघायला मी मुद्दाम दुकान उशिरा उघडतो.

पण तुकडीला सगळा क्रम पाठ झाला, की सर तो बदलतात. कधी 'पवित्रा' आधी, कधी दोन ओळी समोरासमोर आणि एकीनं सुरू केलेलं दुसरीनं चार ठोक्यांनी उचलायचं. बायका कुरकुरतात, "आत्ता कुठं बसलं होतं की ओ सर!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बसलं म्हणूनच हलवलं, आक्का." या वर्गाचं मोल मला इथं वाटतं. घाम कुठंही गाळता येतो. इथं पाय, हात, कान, आठवण आणि शेजारचं माणूस, सगळं एका वेळी सांभाळावं लागतं.

यामागं विज्ञान काय, हे गिऱ्हाइकं विचारतात म्हणून थोडं वाचून ठेवलंय. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण प्राणवायूतला जवळजवळ वीस टक्के वाटा तो घेतो. म्हणजे रक्तवाहिन्या धड तर मेंदू धड. आठवणी साठवण्याच्या कामी येणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उतारवयात दरवर्षी थोडा आकसतो. २०११ साली अमेरिकेत १२० जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयं ५५ ते ८०. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं भरभर चालायला लावलं, निम्म्यांना ताणाचे आणि तोल सांभाळायचे हलके व्यायाम दिले. वर्षानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी आकसला. नाचाबद्दल २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या लोकांचा एक अभ्यास आला होता. त्यांच्या शारीरिक विरंगुळ्यांपैकी एकट्या नाचाचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. लेझमीवर असा अभ्यास झालेला मी वाचलेला नाही, पण लय, क्रम, वळण, सोबत हे सगळं तिच्यातही आहेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ साली अमेरिकेतच सोळाशेहून जास्त लोकांवर झालेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं सत्तर ते एकोणनव्वद वर्षांची, बैठ्या सवयीची. दोन वर्षं व्यायाम करूनही त्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. त्याच वर्षी फिनलंडमधून १,२६० जणांचा दोन वर्षांचा प्रयोग आला. त्यात व्यायामाबरोबर आहार, मेंदूला कामाला लावणारे सराव, आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर देखरेख, असं सगळं एकत्र होतं. तिथं फरक दिसला. माझा कौल म्हणूनच अशा वर्गाला आहे जिथं रक्तदाबाचं यंत्र आणि हलगी एकाच खोलीत आहेत.

तालुक्यांचा खेळ हा या वर्गातला माझा आवडता भाग. सगळ्यांनी गोल चालायचं, आणि चालता चालता प्रत्येकानं कोल्हापूर जिल्ह्यातला एकेक तालुका सांगायचा, आधी आलेला परत नाही. करवीर, पन्हाळा, कागल झटकन येतात. मग शिरोळ, हातकणंगले, राधानगरी. बारातले आठ-नऊ झाले की रांग अडायला लागते. आईला गगनबावडा आठवेना तेव्हा तिचे पायच थांबले. तोंडानं "ते, ते घाटावरचं" म्हणत ती जागच्या जागी उभी. मागच्या काकी येऊन धडकल्या. मॅडमनी ते कार्डावर टिपलं आणि मला नंतर समजावून सांगितलं. स्वीडनमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर एक साधं निरीक्षण झालं होतं, १९९७ साली प्रसिद्ध झालं. चालताना कुणी बोलतं केलं की जे थांबतात, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. चालणं आपोआप होतंय असं वाटतं, पण उतारवयात त्यालाही लक्ष लागतं, आणि लक्ष दुसरीकडं गेलं की पाय अडतात. म्हणून सराव दोन्हींचा एकदम करून घ्यायचा. आता आई आजरा-चंदगडपर्यंत न थांबता जाते. तालुके संपले की सर महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावतात, फाल्गुन, माघ, पौष.

कानांचा मुद्दा इथं पहिल्यांदा कुणीतरी गांभीर्यानं घेतलेला पाहिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. व्यायामाचा अभाव त्यात आहे, तसंच ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणाही आहे. एक आजोबा लेझीम सतत चुकवत होते. सरांनी हलगी थांबवून त्यांच्या पाठीमागं उभं राहून आकडे मोजले, तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. घरच्यांना बोलावून कानाची तपासणी करायला पाठवलं. यंत्र लागल्यावर आजोबा पहिल्या ओळीत आले.

मधल्या वयाच्या तुकडीबद्दल थोडक्यात. मी पहाटेच्या तुकडीत जातो. तिथं दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, जोर-बैठका आणि शेवटी दहा मिनिटं लेझीम. दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्याला वाटतं आपण खूप हलतो, पण पावलं मोजली तर फार कमी भरतात. ब्रिटनमध्ये अठ्ठ्याहत्तर हजार लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२२ साली आला. दिवसाला ९,८०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांत पुढं स्मृतिभ्रंश सगळ्यात कमी आढळला. पण ३,८०० पावलांनाही सुमारे पंचवीस टक्के कमी धोका दिसला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यात नुसता संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरी चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला मी आग्रहानं सांगतो, की पुढच्या तीस वर्षांच्या रक्तवाहिन्या आत्ताच घडत असतात. बायकांना तर जास्तच. २०२२ च्या आकड्यांनुसार आपल्या देशात ५७ टक्के स्त्रियांची पुरेशी शारीरिक हालचाल होत नाही, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. घरकामानं व्यायाम होतोच असं म्हणणाऱ्या वहिनींना सरांनी पहाटेच्या तुकडीत आणलं, हे त्यांचं मोठं काम.

मुलगी नववीत आहे, संध्याकाळी जाते. तिच्या शाळेत खेळाचा तास वेळापत्रकात छापलेला असतो आणि त्या तासाला गणित घेतात. परीक्षा जवळ आली की क्लासवाले म्हणतात, खेळ बंद करा. या तालमीत नेमकं उलट आहे. दहावीच्या मुलांसाठी फी निम्मी, आणि फेब्रुवारीतसुद्धा वर्ग बंद नाही, फक्त पाऊण तासाचा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात वीस मिनिटं चालून आल्यावर लक्ष एकवटण्याच्या चाचणीत मुलं जास्त चांगली उतरली. आमच्या घरातला अनुभव याला धरूनच आहे: खो-खो खेळून आलेली मुलगी हातपाय धुऊन बसते ती एका बैठकीत भूमितीचं प्रकरण उरकते. न गेलेल्या दिवशी दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडते.

आता उणिवा. पावसाळ्यात उंबऱ्यापाशी पाणी साचतं आणि फरशी निसरडी होते. तोल सांभाळायला शिकवणाऱ्या जागेच्या दारातच माणूस घसरावं हे बरोबर नाही. पायपुसणी टाकलीत, पण तिथं कठडा हवा. स्वच्छतागृह तीन पायऱ्या खाली आहे, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो. पत्र्याच्या छताखाली हलगी फार घुमते, कानाचं यंत्र लावणाऱ्यांना ती टोचते. त्यांना हलगीपासून लांबच्या कोपऱ्यात उभं करावं, असं मी सुचवलंय. ज्येष्ठांच्या तुकडीत पुरुष कमी येतात, आणि आले की झिम्म्याच्या वेळी भिंतीला टेकून बसतात. सरांनी त्यांनाही उठवावं. झिम्मा बायकांचा म्हणून मेंदूला त्याचा उपयोग बदलत नाही. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर 'अल्झायमर एकवीस दिवसांत घालवा' छापाचे निरोप फिरतात. चालकांनी ते लगेच काढून टाकायला हवेत, कारण इथं येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात.

सर स्वतः तसला दावा कधी करत नाहीत, हे आवर्जून लिहितो. अल्झायमरचं निदान झालेल्या एका काकांना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. यानं आठवण परत येईल का, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, "नाही येणार. पण बाबांचे पाय चालते राहतील, आणि तासभर चार माणसांत राहतील. तेवढ्यासाठी आणणार असाल तर या." ब्रिटनमधल्या २०१८ च्या एका प्रयोगाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांना काही महिने चांगला दमदार व्यायाम दिला, अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. त्यांच्या घरच्यांना खोटी आशा विकणं हा माझ्या मते गुन्हा आहे. काका अजून येतात. लेझीम धरत नाहीत, टाळ्या वाजवतात.

आईचं म्हणाल तर, डॉक्टरांची आठवणीची चाचणी परत झाली तेव्हा गुण होते तेवढेच होते. घटले नाहीत, याचाच मला आनंद आहे. दरम्यान ब-१२ ची इंजेक्शनंही झाली, रक्तदाबाची गोळी बदलली, त्यामुळं सगळं श्रेय तालमीला देणार नाही. कार्डावर मात्र फरक दिसतो. अर्ध्या मिनिटात सातदा उठणारी आई आता अकरादा उठते. रात्री दोनला जागी होऊन बसत नाही. तुकडीतल्या सगळ्यांची नावं, कुणाची सून कुठली, कुणाचा नातू पुण्यात काय करतो, हे तिला तोंडपाठ आहे, आणि जेवताना ते सगळं आम्हाला ऐकावं लागतं. अंबाबाईला जाते ती चालत.

यायचं असेल त्यांच्यासाठी: ज्येष्ठांना महिना चारशे रुपये, बाकीच्यांना सहाशे, दहावीच्या मुलांना तीनशे. ज्येष्ठांची तुकडी सोमवार, बुधवार, शुक्रवार, शिवाय शनिवारचा एकत्र वर्ग. पहिला आठवडा फुकट, तेवढ्यात जमतं की नाही ते कळतं. हृदयाचा त्रास किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय घेत नाहीत. सध्याच्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून आणा, ती पहिल्याच दिवशी मागतात. मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत, सपाता चालत नाहीत. गुडघे फार दुखत असतील तर तसं आधी सांगा, खुर्चीत बसून लेझीम करणाऱ्यांची वेगळी ओळ असते. दुचाकी लावायला जागा आहे, चारचाकी रंकाळ्याच्या बाजूला लावून चालत यावं लागतं. घरून लेझीम आणू नका. घरातल्या जुन्या लोखंडी लेझमी जड असतात आणि खांदा धरतो. तिथं शाळेतल्या हलक्या मिळतात.